सह्याद्रीत डायनासोरचे अवशेष का सापडत नाहीत? आणि डायनासोर गेले कशाने, उल्केने की आपल्याच लाव्ह्याने?

डोंगरभटक्या

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न आहे, इथे खडकांमधलं कळणारी माणसं आहेत म्हणून विचारतोय. मी पुण्यात असतो, सुट्टी मिळाली की घाटात, आणि आता लेकही बरोबर येते. ती यंदा पाचवीत आहे आणि सध्या डायनासोर सोडून तिला दुसरं काही सुचत नाही. रतनवाडीहून रतनगड चढताना वाटेच्या कडेला मुरमाच्या दरडीत गोल गोल दगड दिसले, वीत-दीड वीत रुंद, काही अर्धे फुटलेले आणि आत एकात एक थर. पोरगी तिथेच बसली, म्हणे बाबा ही अंडी आहेत, घरी नेऊया. मी नेऊ दिलं नाही, पण ही अंडी नाहीत असं ठामपणे सांगायलाही माझ्याकडे काही नव्हतं.

तर मला हे कळत नाही की जबलपूरला डायनासोर सापडले, गुजरातेत सापडले, तेलंगणात सापडले, मग मधला आपला एवढा मोठा सह्याद्री रिकामा कसा काय? इथे डायनासोर राहतच नव्हते की आहेत पण कुणी शोधले नाहीत? आणि दुसरं म्हणजे शाळेच्या पुस्तकात उल्का पडली आणि डायनासोर मेले एवढंच असतं, पण मधे कुठेतरी वाचलं की खरं कारण दख्खनचे ज्वालामुखी आहेत. म्हणजे आपण ज्या कड्यांवर चढतो त्यांनीच मारलं की काय? जरा सविस्तर सांगा, लेकीला समजावून सांगायचंय, ती अर्धवट उत्तरावर सोडत नाही.

खडकवाचक

लेकीने थर बघितले हे फार छान केलं. पण ती अंडी नाहीत. बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला आपला काळा दगड, थंड होताना आकसतो, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात, त्या भेगांमधून हजारो वर्षं पाणी झिरपतं आणि प्रत्येक ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात कारण तिथे पाणी दोन-तीन बाजूंनी लागतं. कोपरे गेले की उरतो तो गोळा, आणि तो कुजत जातो तसे कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात. मधे बहुतेक वेळा ताज्या काळ्या दगडाचा गाभा असतो. पुणे-नाशिक रस्त्याला, कुठल्याही घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे हे शेकड्याने दिसतात.

खरं अंडं ओळखायची खूण सांगून ठेवतो. त्याला एकच कवच असतं, साधारण एक ते तीन मिलिमीटर जाडीचं, एकात एक दहा थर नसतात. भिंगाखाली कवचावर बारीक बारीक उंचवटे दिसतात. आणि ते बेसॉल्टमध्ये नसतं, चुनखडीच्या किंवा वाळूच्या खडकात असतं. अजून एक घोटाळा पुष्कळांचा होतो तो म्हणजे दगडावर काळ्या नेच्याच्या पानासारखी नक्षी, ते मँगनीजचे डाग असतात, वनस्पती नाही. आणि गारगोट्या, पांढरे-हिरवे स्फटिक वगैरे सगळं लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये नंतर पाण्याने आणून भरलेलं खनिज असतं.

आता मुख्य प्रश्न. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा ११०० अंशाच्या वर असतो, त्यात हाड टिकायचा प्रश्नच नाही. जीवाश्म व्हायला हाड गाळात पटकन पुरलं जायला लागतं, म्हणजे नदी पाहिजे, तळं पाहिजे, पूर पाहिजे. त्यामुळे दख्खनच्या प्रदेशात जीवाश्म शोधायचे तर दोनच जागा. एक, लाव्हा यायच्या आधीचा जो गाळ त्याच्या तळाला दबलाय तो, आणि दोन, दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात जी तळी साचली त्यांचा गाळ. पहिल्याला आपल्याकडे लमेटा म्हणतात, जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून. दुसऱ्याला इंटरट्रॅपियन.

आता घाटात काय झालं बघा. तिथे लाव्ह्याची जाडी प्रचंड आहे, कळसूबाई १६४६ मीटर आणि ते सगळं लाव्ह्यावर लाव्हा. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी जी बोअर घेतली त्यातल्या पहिल्या बोअरमध्ये साधारण ९३० मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक, मधे गाळ नाहीच. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर बोअर घेतलं तिथे ३३८ मीटर बेसॉल्टखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर मिळाला. म्हणजे तळाला गाळ असला तरी शेकडो मीटर खाली, आणि तोही सगळीकडे नाही. आणि लाव्ह्यांच्या मधे? घाटात दोन प्रवाहांच्या मधे तुम्हाला विटकरी लाल पट्टा दिसतो ना, लोहगडाच्या, हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर, तो तांबडा बोल. वरवरची कुजलेली माती आणि राख, वरून पुन्हा लाव्हा आल्यावर भाजलेली. तळं साचून त्यात मासे, कासवं, पाणवनस्पती येऊन चांगला मीटरभर गाळ बसायला जेवढी उसंत लागते तेवढी घाटात फार क्वचित मिळाली कारण उद्रेकाची मुख्य जागा इथेच आसपास होती.

कडेला मात्र उलट. नागपूर, चंद्रपूर, छिंदवाडा, तेलंगण इथपर्यंत मोजकेच प्रवाह पोचले, दोन प्रवाहांच्या मधे भरपूर वेळ, आणि खालचा गाळही उघडा पडलेला. म्हणून नकाशावर डायनासोरच्या जागा टाकल्या तर त्या लाव्ह्याच्या कडेकडेने येतात. घाटात डायनासोर नव्हते असं यातून निघत नाही. ते फिरत असणार, फक्त त्यांची नोंद राहील अशी जागाच लाव्ह्याने ठेवली नाही. लेकीला हे जरूर सांगा, कारण पुष्कळ मोठी माणसंसुद्धा "सापडलं नाही म्हणजे नव्हतं" असं धरून चालतात.

वरोऱ्याची_ताई

दादा, महाराष्ट्र कोरडा आहे असं नका म्हणू हो! आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात या. वरोरा तालुक्यात पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन गावं आहेत, जगातल्या डायनासोरच्या अभ्यासकांना माहिती आहेत आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला माहिती नसतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

डोंगरगावच्या टेकडीत १९८० च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचा बराचसा सांगाडा काढला, मानेचे मणके, पाठीचे, शेपटीचे, खांदा, पुढचा पाय. भारतातल्या या गटाच्या डायनासोरांमध्ये एका प्राण्याची इतकी हाडं एकत्र क्वचितच मिळालीत, बाकी ठिकाणी सुटे मणके आणि पायाची हाडं असतात. १९९७ ला जैन आणि बंदोपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी नाव दिलं आणि नंतर २००३ मध्ये तो वेगळाच प्राणी आहे असं ठरून इसिसॉरस झालं, त्या संस्थेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून. त्याची मान या गटाच्या मानाने आखूड आणि जाड होती आणि पुढचे पाय लांब. तुमच्या लेकीला सांगा, महाराष्ट्राच्या मातीतून निघालेला हा डायनासोर आहे.

आणि पिसदुऱ्याची गोष्ट तर मला त्याहून आवडते. तिथे नांगरलेल्या शेतात वरच दगड झालेलं शेण मिळतं. म्हणजे डायनासोरच्या काळातल्या प्राण्यांची विष्ठा, करड्या-तपकिरी रंगाचे लांबट गोळे, काहींवर अजून आडव्या वळ्या दिसतात, हातात घेतलं तर चांगलं जड लागतं. गावातली म्हातारी माणसं सांगतात की बाहेरचे लोक येऊन हे दगड का गोळा करतात हे आम्हाला कधी कळलंच नाही. तर लखनौच्या बिरबल साहनी इन्स्टिट्यूटच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोळ्यांचा तुकडा घेऊन रसायनांनी विरघळवला आणि जे उरलं ते मायक्रोस्कोपखाली बघितलं. झाडं जमिनीतून सिलिका शोषतात आणि पेशींमध्ये तिचे सूक्ष्म कण साठवतात, झाड कुजलं तरी ते कण काचेसारखे तसेच राहतात आणि प्रत्येक गटाचा आकार वेगळा. गवताचा तर अगदी ओळखता येतो. पिसदुऱ्याच्या गोळ्यांमध्ये निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले, त्यात भात आणि बांबूच्या गटाच्या जवळचेसुद्धा होते. २००५ मध्ये सायन्समध्ये छापून आलं.

याचं महत्त्व काय ते सांगते. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की गवत डायनासोर गेल्यावर कितीतरी काळाने आलं. चित्रांमध्येसुद्धा डायनासोरच्या पायाखाली गवत काढायचं नाही असा दंडक होता. तो दंडक आमच्या शेतातल्या शेणाने मोडला. अर्थात ते प्राणी नुसतं गवत खात नव्हते, त्याच गोळ्यांमध्ये ताडाच्या जातीच्या, सूचिपर्णी आणि इतर झाडांचेही अवशेष आहेत, जे समोर दिसेल ते ओरबाडत असणार.

निवृत्त_मास्तर

वरोऱ्याच्या ताईंनी माझ्या मनातलं लिहिलं. मी नागपूरला शिकलो म्हणून एक भर घालतो. विदर्भातल्या जीवाश्मांकडे पहिल्यांदा नीट लक्ष दिलं ते स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे. १८४५ ला आले, रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर टाकळी वगैरे भागात फिरून शंख, बिया, लाकूड, मासे गोळा करत राहिले आणि १८६३ ला नदीत बुडून गेले. कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, त्यांचं हे काम फार थोड्यांना.

आणि पुढची गोष्ट ऐका. १९८८ मध्ये प्रसाद आणि साहनी यांनी तेलंगणातल्या नासकल इथल्या इंटरट्रॅपियन गाळातून भारतातला पहिला क्रेटेशियस काळातला, म्हणजे डायनासोर युगाच्या शेवटच्या टप्प्यातला, सस्तन प्राणी जाहीर केला. तोपर्यंत भारतात त्या काळातला एकही सस्तन प्राणी माहीत नव्हता. उंदराएवढा, आणि हाती काय तर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे दात. पोतीच्या पोती गाळ पाण्यात भिजवायचा, बारीक चाळणीतून धुवायचा, वाळवायचा आणि मग मायक्रोस्कोपखाली एक एक कण निवडत बसायचं, असं काम असतं ते. त्यातल्या एकाचं नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. नागपूरच्या माणसाचं नाव त्या दातांवर आहे. डायनासोरच्या मोठ्या हाडांपेक्षा मला हे दात जास्त मोलाचे वाटतात कारण पुढे जे टिकलं ते यांचं कुळ आहे, आपण त्यातलेच.

घाटमाथा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, तो मागे पडतोय. माझं मत स्पष्ट आहे, दख्खनच्या ज्वालामुखीला उगाच दुय्यम ठरवलं जातं. पृथ्वीवर मोठे जीवसंहार झाले त्यातल्या सगळ्यात मोठ्याशी, २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या, सैबेरियातल्या अशाच लाव्ह्याचा संबंध आहे. २० कोटी वर्षांपूर्वीचा ट्रायासिकच्या शेवटचा, तिथेही अटलांटिक उघडतानाचा लाव्हा. मग ६.६ कोटीला नेमका आपला लाव्हा वाहत असताना संहार झाला तर त्याचा हात नाही असं कसं म्हणायचं? आज उरलेला दख्खनचा लाव्हा ५ लाख चौरस किलोमीटर आहे, आधी याच्या कितीतरी पट असणार, आणि काही प्रवाह तर घाटातून निघून आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत हजार किलोमीटर गेले. लाव्ह्याने कोणी मरत नाही, त्यापासून चालत लांब जाता येतं, मारतात ते वायू. सल्फर डायऑक्साइड वर गेला की सूर्यप्रकाश अडतो, थंडी पडते, ॲसिडचा पाऊस, आणि कार्बन डायऑक्साइड साठत गेला की उलट हवा तापते आणि समुद्र आम्लधर्मी होतो. प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर किती वर्षं हेच सांगतायत.

आणि सह्याद्रीत हे प्रत्यक्ष बघता येतं म्हणून सांगतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जा. तुम्ही चढता ते थरांमधून चढता, खाली पोलादपूर, त्यावर आंबेनळी, माथ्यावर महाबळेश्वर, भूशास्त्रात त्या थरांची नावंच ही आहेत. त्यांच्या खाली बुशे, खंडाळा, भीमाशंकर, ठाकूरवाडी, नेरळ, इगतपुरी, जव्हार असे उतरत जातात. २०१९ च्या फेब्रुवारीत सायन्सच्या एकाच अंकात दोन गटांनी या थरांचं वय काढून दिलं. ब्लेअर शोएन यांच्या गटाने तांबड्या बोलातल्या राखेत झिरकॉनचे बारीक स्फटिक शोधून त्यांच्या युरेनियमवरून वय मोजलं आणि ते म्हणाले की लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला, आणि त्यातला पोलादपूरचा झटका संहाराच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला. बास की, अजून काय पाहिजे!

केतकी_ह्यूस्टन

घाटमाथा, तुम्ही दोन पेपर म्हणालात आणि एकाचंच सांगितलंत, दुसऱ्याचं मी सांगते :) कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने त्याच घाटांमधल्या लाव्ह्यातल्या फेल्डस्पार या खनिजावर आरगॉनने वय काढलं आणि त्यांच्या हिशोबाने साधारण ७५ टक्के लाव्हा संहाराच्या रेषेनंतर, म्हणजे थरांमध्ये संहार जिथे येतो त्या पातळीच्या वर, आला. ती रेषा ते बुशे आणि पोलादपूरच्या सीमेजवळ धरतात. म्हणजे तुमचा आंबेनळी घाट जवळजवळ अख्खा डायनासोर गेल्यानंतरचा. त्या घाटात वाद आहे तो एवढाच की पोलादपूर रेषेच्या आधी की नंतर, आणि त्या "एवढ्याच" वर सगळं अवलंबून आहे.

मी समुद्रातल्या सूक्ष्म जीवाश्मांवर काम करते, फोरॅमिनिफेरा, तेल शोधायला लागतात म्हणून इथे ह्यूस्टनमध्ये त्याचं काम चालतं. माझ्या डोळ्यांना जे दिसतं ते सांगते. रेषेच्या खालच्या नमुन्यात मोठाल्या, कडेला दुहेरी कंगोरे असलेल्या, नक्षीदार कवचांची गर्दी असते, तऱ्हेतऱ्हेच्या. वरच्या नमुन्यात ते सगळे नाहीत, आणि त्यांच्या जागी चाळणीतून निसटतील इतके चिमुकले, साधे, तीन-चार कप्प्यांचे. मधला बदल हळूहळू होत गेलेला नाही, काही सेंटिमीटरच्या मातीत होतो. लाखो वर्षं वाहणाऱ्या लाव्ह्याने असं होत नाही.

आणि त्याच रेषेत इरिडियम हा धातू. १९८० मध्ये लुई आणि वॉल्टर अल्वारेझ, असारो आणि मिशेल यांनी इटलीतल्या गुब्बिओला नेहमीच्या ३० पट, डेन्मार्कला १६० पट, न्यूझीलंडला २० पट इरिडियम दाखवलं. पृथ्वीच्या कवचात ते जवळजवळ नसतं, अशनींमध्ये असतं. दहा वर्षांनी मेक्सिकोत युकातानला चिक्शुलूबचं विवर ओळखलं गेलं, सुमारे १८० किलोमीटर रुंद, धडकलेला गोळा अंदाजे १० किलोमीटरचा. मी टेक्सासमधल्या ब्राझोस नदीच्या काठावरचा तो थर हाताने चाचपून बघितलाय, वितळून उडालेल्या खडकाचे बारीक गोल थेंब आणि त्यावर खवळलेल्या समुद्राने आणून टाकलेली शिंपल्यांची, वाळूची खिचडी. २०१६ ला विवराच्या मधल्या कड्यात बोअर घेतलं तर आसपासच्या खडकात भरपूर असलेला जिप्सम तिथे जवळजवळ नव्हता, म्हणजे त्यातलं सल्फर वाफ होऊन वर गेलं. घाटमाथा म्हणतात तोच सल्फर, पण एका दिवसात. काळोख, प्रकाशसंश्लेषण बंद, वनस्पती आणि प्लवक गेले की वरचे सगळे उपाशी. तीन चतुर्थांश जाती गेल्या.

घाटमाथा

केतकीताई, ब्राझोसचा तोच थर केलर वेगळा वाचतात, त्यांच्या मते संहाराची रेषा त्या खिचडीच्या वर आहे, म्हणजे धडक आधी आणि संहार नंतर. आणि ७५ टक्के नंतर आला हे धरलं तरी वायू लाव्ह्याच्या प्रमाणातच बाहेर पडतो असं कुठे आहे? मॅग्मा खाली साठून असतानाच बराच वायू आधी निसटू शकतो.

केतकी_ह्यूस्टन

वायूचा मुद्दा बरोबर आहे, तो मान्यच. पण त्याच वायूची छाप समुद्रात शोधली गेलीय. २०२० मध्ये पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या नोंदी एकत्र करून दाखवलं की संहाराच्या आधी समुद्र साधारण २ अंशांनी तापला होता, म्हणजे दख्खनचा वायू निघाला होता, पण ती तापमानवाढ संहार व्हायच्या आधीच ओसरली होती. तापला तेव्हा कोणी मोठ्या संख्येने मेलं नाही. ब्राझोसच्या रेषेबद्दल केलर यांचं म्हणणं मला माहीत आहे, मला ते पटत नाही, कारण जगात बाकी सगळीकडे थेंब, इरिडियम आणि फोरॅम्सचा शेवट एकाच जागी येतात.

खडकवाचक

या दोघांची जुंपली ते बरंच झालं, धाग्याला वजन आलं. माझं मत केतकींच्या बाजूला आहे आणि त्यासाठी पुरावा आपल्याच देशातला देतो. कच्छमध्ये अंजारला लाव्ह्यांच्या मधल्या तळ्याच्या गाळात डायनासोरची हाडं आणि अंड्यांची कवचं मिळाली आहेत. वरही लाव्हा, खालीही लाव्हा. म्हणजे एक लाव्हा येऊन गेला, थंड झाला, त्यावर तळं साचलं, आणि डायनासोर पुन्हा तिथे चरायला, अंडी घालायला आले. जे प्राणी ज्वालामुखीच्या अगदी अंगणात राहून टिकले ते त्याच्याच वायूने अर्जेंटिना-मंगोलियात मेले हे मला पटत नाही. भांडारी वगैरे मंडळींनी त्याच अंजारच्या गाळात इरिडियमचे थरही दाखवले होते, त्यांचा संबंध धडकेशी आहे का यावर वाद झाला, पण डायनासोर लाव्ह्याबरोबर जगत होते यावर वाद नाही.

दख्खनचा हात नाही असंही मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये मार्क रिचर्ड्स आणि पॉल रेन वगैरेंनी मांडलं की धडकेने पृथ्वी इतकी हादरली की आधीच चालू असलेला दख्खनचा लाव्हा जोरात उसळला, आणि वरचे प्रचंड थर, पोलादपूरपासून महाबळेश्वरपर्यंतचे, त्याचेच. सिद्ध झालेलं नाही, पण बुशेच्या वर प्रवाहांचा एकूण नूर बदलतो हे घाटात फिरलेल्या कुणालाही जाणवतं. तसं असेल तर लाव्ह्याने मारलं नाही, पण जे उरले त्यांना सावरायला वेळ लावला.

वरळीकर

मुंबई राहिली की! वरळीच्या टेकडीत आणि मलबार हिलला लाव्ह्यांच्या मधे काळसर गाळाचा थर आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे खोदकाम होताना बेडकांचे अख्खे सांगाडे निघाले, अगदी छोटे, पायांच्या हाडांसकट. १८४७ ला रिचर्ड ओवेन यांनी, म्हणजे ज्यांनी डायनासोर हा शब्द दिला त्यांनीच, या मुंबईच्या बेडकाला नाव दिलं राना पुसिला, आता त्याला इंडोबॅट्राकस म्हणतात. त्याच थरात कासवही मिळालंय. हा थर डायनासोर गेल्यानंतरचा आहे. म्हणजे डायनासोर संपलेत, लाव्हा अजून येतोय, आणि मधल्या डबक्यात बेडूक सुखाने नांदतायत. आमच्या आज्याच्या चाळीखाली हे आहे हे कळल्यापासून मी ज्याला त्याला सांगत सुटलोय. आता तो थर बघायला मिळणं अवघड, वर सगळ्या इमारती.

निवृत्त_मास्तर

बेडकांचा विषय निघाला म्हणून. केरळातला जांभळा बेडूक, नासिकाबॅट्राकस, २००३ मध्ये जगापुढे आला, त्याचे सगळ्यात जवळचे नातलग सेशेल्सच्या बेटांवर आहेत. सेशेल्स आणि भारत दख्खनच्या लाव्ह्याच्या आगेमागेच तुटून वेगळे झाले. आणि पश्चिम घाटाचा दक्षिण भाग लाव्ह्याचा नाही, तो जुना ग्रॅनाइटसारखा खडक, तिथे लाव्हा पोचलाच नाही. अशा जुन्या घराण्यांना आसरा मिळाला तो बहुधा तिकडे. जीवसृष्टीच्या इतिहासात कोण गेलं हे आपण फार घोकतो, कोण कुठे लपून राहिलं हेही पोरांना शिकवायला पाहिजे.

डोंगरभटक्या

मंडळी, काय लिहिलंय एकेकाने! रात्री लेकीला अख्खा धागा वाचून दाखवला. गोळ्यांचं उत्तर ऐकून जरा हिरमुसली, पण शेणातल्या गवतावर एकदम खूश. तिचे दोन प्रश्न आहेत. एक, डायनासोरच्या घरट्यात साप सापडला होता असं तिने कुठेतरी बघितलंय, ते खरं का? आणि दोन, हे सगळं प्रत्यक्ष बघायला जायचं तर कुठे? माझा एक तिसरा, कधी खरंच काही सापडलं तर काय करायचं?

खडकवाचक

साप अगदी खरा. गुजरातेत धोली डुंगरी इथे १९८० च्या दशकात जीएसआयचे, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे, धनंजय मोहबे यांना अंड्यांच्या घरट्याचा ठोकळा मिळाला, त्यात हाडं होती ती पिल्लाची असं वाटत होतं. २००१ मध्ये मिशिगनचे जेफ विल्सन यांनी तो बघितला आणि त्यातले काही मणके सापाचे आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. २०१० ला छापलं, नाव सनाजे इंडिकस, साडेतीन मीटरचा साप, एका फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, शेजारी अर्धा मीटर लांबीचं नुकतं बाहेर आलेलं पिल्लू. त्या सापाचा जबडा आजच्या अजगराइतका मोठा उघडत नव्हता, त्यामुळे अख्खं अंडं गिळणं त्याला जमलं नसतं, म्हणून तो पिल्लू बाहेर यायची वाट बघत असावा. वरून वाळूची दरड किंवा पूर येऊन सगळे जिथल्या तिथे पुरले गेले.

बघायला सगळ्यात सोयीचं गुजरातेत बालासिनोरजवळचं रय्योली. तिथे पार्क आणि म्युझियम आहे, अंडी जमिनीतच दिसतात, आणि डोक्यावर बुटकं शिंग असलेला राजासॉरस नर्मदेन्सिस तिथलाच, २००३ ला नाव दिलं. महाराष्ट्रात गडचिरोलीला सिरोंचाजवळ वडधमचं जीवाश्म उद्यान आहे, तिथे दगड झालेली झाडाची खोडं आहेत, आणि ती डायनासोरच्या शेवटाच्या कितीतरी आधीची. त्याच गोदावरी-प्राणहितेच्या पट्ट्यात तेलंगणाच्या बाजूला बारापासॉरस टागोरी हा डायनासोर मिळाला, १९६१ ला, म्हणून नावात टागोर, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. त्याचा उभा केलेला सांगाडा कोलकात्याला त्याच इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आहे, लेक त्याच्या पायाशी उभी राहिली की तिला मापाचा अंदाज येईल.

वरोऱ्याची_ताई

तिसऱ्याचं उत्तर मी देते कारण आमच्याकडे हे बघितलंय. काही सापडलं तर उचलू नका. हाड कुठल्या थरातून आलं, वरची बाजू कुठली, शेजारी काय होतं, हे सगळं त्या जागेवर लिहिलेलं असतं आणि उचललं की पुसलं जातं. पिसदुऱ्याला लोक पिशव्या भरून दगड घेऊन जातात, घरी शोकेसमध्ये ठेवतात, आणि मग ते कुठलं हे त्यांच्या मुलांनाही सांगता येत नाही. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून जवळून एक फोटो काढायचा, लांबून एक काढायचा ज्यात दरड आणि आजूबाजूचा डोंगर येईल, मोबाईलवर लोकेशन नोंदवायचं, आणि जीएसआयच्या नागपूरच्या ऑफिसला किंवा जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला पाठवायचं.

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात पाडल्या गावात लोक गोल दगड शेतात ठेवून काकड भैरव म्हणून पिढ्यान् पिढ्या पूजा करत होते, गुराढोरांचं, शेताचं रक्षण करतो म्हणून, ती डायनासोरची अंडी निघाली असं २०२३ मध्ये समोर आलं. त्याच धार जिल्ह्यात त्याच वर्षी ९२ घरटी आणि २५६ अंडी असल्याचं प्रसिद्ध झालं. गावाने जागेवर ठेवली म्हणून टिकली ती.

वरोऱ्याला यायचं असेल तर पेरणीच्या आधी या दादा, मे महिन्यात ऊन फार असतं पण शेतं मोकळी असतात. शेतमालकाला आधी विचारायचं, मी सांगून ठेवीन. लेकीला भिंग घेऊन यायला सांगा.

डोंगरभटक्या

भिंग आजच आणतो. ताई, तारखांसाठी व्यक्तिगत निरोप पाठवलाय.